गच्चीवरची वीज गाडीत कशी उतरते

पुण्यात सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नव्हे, वर्षाच्या सरासरीने १२ वाजून ३५ मिनिटांनी. नागपूर पूर्वेकडे असल्याने तिथे हीच वेळ साधारण वीस मिनिटे आधी येते. गच्चीवरची सौर पॅनेल दिवसभरातली निम्मी वीज या वेळेच्या आगेमागे दोन-दोन तासांत देऊन टाकतात. नोकरदार घरातली मोटार मात्र नेमकी तेव्हा हिंजवडीत, बुटीबोरीत नाहीतर सातपूरच्या एमआयडीसीत उभी असते. ती घरी येते तेव्हा दिवे लागलेले असतात. घरच्या सौर विजेवर गाडी चालवायचा विचार करताना ही चुकामूक आधी ध्यानात घ्यावी. पॅनेल किती लावायची, चार्जर कोणता घ्यायचा, मीटर काय मोजतो, गाडी कधी लावायची, या सगळ्यांची उत्तरे तिच्यापाशीच येऊन थांबतात.

आधी विजेची वाट पाहू. आजकाल घरांवर बसतात ती पॅनेल साधारण ५४० वॅटची असतात, सव्वादोन मीटर लांब आणि मीटरभराहून थोडी जास्त रुंद. भर उन्हात असे एक पॅनेल ४१ व्होल्टच्या आसपास वीज देते आणि ती डीसी असते. सहा पॅनेल एकापुढे एक जोडली की दाब अडीचशे व्होल्टच्या घरात जातो. भिंतीवरचा सोलर इन्व्हर्टर या डीसीची २३० व्होल्टची एसी करतो आणि घराच्या डीबीत, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीत, सोडतो. तिथून पुढे विजेला कुणी वाट दाखवावी लागत नाही. त्या क्षणी फ्रिज, पंखे, पाण्याचा पंप आणि चार्जिंगला लावलेली गाडी जेवढी वीज मागतील तेवढी आधी गच्चीवरून मिळते. कमी पडली तर फरक महावितरणच्या तारेतून आत येतो, उरली तर त्याच तारेतून बाहेर जाते. हे सगळे आपोआप घडते, त्यासाठी बटण नाही की बदलायचा स्विच नाही.

पार्किंगच्या भिंतीवरच्या ज्या पेटीला आपण चार्जर म्हणतो, ती गाडीला सांभाळून एसी पुरवते, एवढेच तिचे काम. खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. तो एसीची पुन्हा डीसी करून बॅटरीत भरतो. म्हणजे वीज डीसीची एसी होते आणि एसीची परत डीसी, आणि दोन्ही वेळा थोडी उष्णता होऊन वाया जाते. भिंतीतून घेतलेल्या १०० युनिटांपैकी ८५ ते ९० युनिट बॅटरीत पोचतात असे धरावे. मग पॅनेलची डीसी थेट गाडीत का घालू नये, असा प्रश्न अनेकांना पडतो आणि तो रास्तही आहे. अडचण अशी की पॅनेलची वीज ढगागणिक खालीवर होते, आणि गाडीच्या बॅटरीला, विजेवरच्या नेक्सॉनसारख्या गाडीत सुमारे ३२० व्होल्टला, तोलूनमापून दिलेला प्रवाह लागतो. हा मेळ घालणारा डीसी चार्जर घरच्या खर्चात बसत नाही. शिवाय गाडी घरी नसताना तयार झालेल्या विजेचे काय करायचे, हा प्रश्न तसाच राहतो.

आता आकडे मांडू. समजा, नाशिकमधले एक घर आहे. गाडी रोज ४० किलोमीटर फिरते, महिन्याला २६ दिवस. मध्यम आकाराची विजेवरची मोटार शहरात एका युनिटमध्ये साधारण ७ किलोमीटर जाते. म्हणजे बॅटरीतून पावणेसहा युनिट गेले, आणि चार्जिंगमधली गळती धरून भिंतीतून साडेसहा. महिन्याचे झाले सुमारे १७० युनिट. एक किलोवॅटची पॅनेल महाराष्ट्रात वर्षाला साधारण १४०० युनिट देतात, म्हणजे महिन्याच्या सरासरीने ११५ ते १२०. भागाकार केला तर गाडीच्या वाट्याला दीड किलोवॅट येतो, म्हणजे तीन पॅनेल. महिन्याला हजाराहून अधिक किलोमीटर चालणारी गाडी तीन पॅनेलवर चालते, यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. हाच प्रवास लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीत केला तर सुमारे ७० लिटर पेट्रोल लागते.

घराचा स्वतःचा वापर महिन्याला २०० युनिट असेल तर आणखी तीन पॅनेल. एकूण सहा, म्हणजे ३.२४ किलोवॅट. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या पीएम सूर्यघर योजनेतली सबसिडीही याच आकाराशी येऊन थांबते. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे कितीही पॅनेल लावली तरी एकूण ७८,०००च. त्यासाठी पॅनेल भारतात बनवलेल्या सेलची असावी लागतात, हे ठेकेदाराकडून लेखी घ्यावे.

गाडीमुळे बिलात आणखी एक गोष्ट घडते आणि ती आधी कुणाच्या लक्षात येत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: १०० युनिटांपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. दोनशे युनिटांचे घर गाडी आल्यावर ३७० वर जाते, आणि वरचे ७० युनिट महाग टप्प्यात पडतात. सौर वीज वजा होते ती वरून, म्हणजे सर्वांत महाग युनिट आधी वाचतात. त्यामुळे ज्या घरात गाडी आली आहे त्या घरात पॅनेलचा खर्च नुसत्या दिव्या-पंख्यांच्या घरापेक्षा लवकर भरून निघतो. बिल शून्यावर मात्र येत नाही. स्थिर आकार दरमहा द्यावाच लागतो. ‘शून्य बिल’ असे छापलेली जाहिरात दिसली तर या ओळीचे काय, ते विचारून घ्यावे.

सरासरी ११५ युनिट म्हटले खरे, पण महिना-महिना वेगळा असतो. एप्रिलमध्ये किलोवॅटमागे दिवसाला पाचच्या आसपास युनिट मिळतात, जुलै-ऑगस्टच्या झडीत दोन-अडीचवर समाधान मानावे लागते, आणि संततधारेच्या दिवशी त्याहूनही कमी. उन्हाळ्यालाही एक बंधन आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. सेलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटते. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात काळी काच ६५ अंशांपर्यंत तापते, आणि तेव्हा १४ टक्के वीज नुसत्या तापण्यात जाते. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवू नयेत, खालून वारा खेळेल इतकी उंच ठेवावीत. हातभर अंतरानेही फरक पडतो.

पॅनेलची तोंडे दक्षिणेकडे आणि कल अक्षांशाइतका, म्हणजे पुण्या-मुंबईत १८-१९ अंश, हा ढोबळ नियम. शून्य सावलीचा दिवस ज्यांनी पाहिला आहे त्यांना शंका येईल, आणि बरोबर येईल: मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य पुण्याच्या किंचित उत्तरेला असतो. पण त्या काळातले बरेच दिवस ढगांचेच असतात, आणि ऑक्टोबर ते मार्चचे स्वच्छ ऊन दक्षिणेकडूनच येते. तेव्हा नियम बरोबर आहे.

दिशेपेक्षा जास्त नुकसान सावली करते, आणि आपल्या गच्च्या सावल्यांनी भरलेल्या असतात. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, डिशची छत्री, शेजारचा नारळ. पॅनेलमधले सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एका कोपऱ्यावर सावली पडली की त्या ओळीतला प्रवाह अडतो. हानी आवरावी म्हणून प्रत्येक पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड असतात, ते सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेतात, पण तो भाग त्या वेळेपुरता गेलाच. आणि सावली उन्हाळ्यात मोजून चालत नाही. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो तेव्हा टाकीची सावली सर्वांत लांब पडते. मेमध्ये येऊन पाहणी करून गेलेल्या माणसाला डिसेंबरची सावली कुठवर येईल, हे विचारावे. ज्याला ते सांगता येत नाही त्याच्याकडून काम करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पुन्हा त्या चुकामुकीकडे. दुपारची वीज आणि रात्रीची गाडी यांची गाठ घालून देतो तो नेट मीटर. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे छतावरील सौर विजेचे २०१९ चे नियम त्यामागे आहेत. हा मीटर आत आलेले आणि बाहेर गेलेले युनिट वेगवेगळे नोंदतो. किराणा दुकानातल्या खात्याच्या वहीत जमा-नावे लिहितात, तसेच हे. दुपारी बाहेर गेलेले १० युनिट जमेला, रात्री गाडीने घेतलेले साडेसहा नावे, आणि महिन्याच्या शेवटी फरकाचे बिल. जमा जास्त असेल तर ती पुढच्या महिन्यात जाते. हिशेब ३१ मार्चला बंद होतो. उरलेल्या युनिटांचे पैसे मिळतात, पण आपण ज्या दराने वीज घेतो त्याच्यापुढे तो दर फार कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा फार जास्त पॅनेल लावून वीज विकण्याचे गणित घरगुती ग्राहकाला सहसा फायद्याचे पडत नाही. वर्ष एप्रिलला सुरू होते हे मात्र गाडीवाल्यांच्या पथ्यावर पडते. एप्रिल-मेचे चढे उत्पादन खात्यात साठते आणि पावसाळ्यात गाडी त्यावर चालते. हिशेब जूनला बंद होत असता तर तीच जमा पावसाच्या तोंडावर पुसली गेली असती.

वहीत सगळे जुळते. तारेत जुळतेच असे नाही, आणि माझ्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा हा आहे. दुपारी तुमच्या गच्चीवरून निघालेली वीज रात्रीपर्यंत कुठे थांबून राहत नाही. ती त्याच क्षणी शेजारच्या घरातल्या मिक्सरने, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीने वापरून टाकलेली असते. संध्याकाळी सात वाजता तुम्ही गाडी लावता तेव्हा राज्यभर दिवे, टीव्ही, एसी सुरू असतात, आणि ती मागणी भागवायला कोयनेची जनित्रे फिरत असतात, चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळीचा कोळसा जळत असतो. तुमची गाडी त्या गर्दीत भर घालते. तेव्हा बिलात युनिट सारखे दिसले तरी दुपारी दीडचे युनिट आणि रात्री आठचे युनिट एक नाही. दुपारच्या विजेने पेट्रोल आणि कोळसा दोन्ही वाचतात, रात्रीच्या विजेने पेट्रोल वाचते आणि कोळसा जळतो. जमेल तेव्हा गाडी दिवसा लावावी, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठी.

आता दरही हेच बोलू लागले आहेत. २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या केंद्रीय नियमांत दुरुस्ती झाली. दिवसाच्या आठ ‘सौर तासां’तला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या वेळेचा दर जास्त असावा, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्रात महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत प्रतियुनिट ८० पैशांपासून सवलत द्यायला सुरुवात केली. ज्यांच्या गच्चीवर पॅनेल नाहीत त्यांनाही मग दुपारी गाडी लावणे परवडते.

पण गाडी दिवसा घरी नसते, त्याचे काय? इथे एक गैरसमज आड येतो. मोबाइलसारखी गाडीही रोज रात्री लावायची असते, असे आपण धरून चालतो. ४० युनिटांची बॅटरी असलेल्या गाडीला रोजचे पावणेसहा युनिट म्हणजे सातवा हिस्सा. ती तीन-चार दिवस न लावता सहज चालते. रविवारी सकाळी दहा ते चार गाडी साध्या १५ अँपिअरच्या प्लगला लावली तर सुमारे १८ युनिट घेते, आणि त्यातले बरेचसे गच्चीवरून येतात. आठवड्यात एखादा दिवस घरून काम असेल तर आणखी तेवढेच. आठवड्याची गरज ३९ युनिटांची, म्हणजे जवळजवळ सगळी दिवसा भागली. उरलेले तीन-चार युनिट रात्री घ्यावे लागले तर घ्यावेत, पण संध्याकाळी घरी आल्याबरोबर न घेता मध्यरात्रीनंतर. बहुतेक गाड्यांत किंवा त्यांच्या अ‍ॅपमध्ये वेळ लावून ठेवता येते.

यातूनच चार्जरची निवड ठरते. गाडीबरोबर येणारी १५ अँपिअरची केबल सुमारे ३ किलोवॅट खेचते. भिंतीवरची मोठी पेटी ३२ अँपिअर, म्हणजे ७.२ किलोवॅट. विक्रेते मोठी पेटी घ्यायला लावतात, आणि गाडी रोज शे-सव्वाशे किलोमीटर फिरत असेल तर ती लागतेच. पण सहा पॅनेल स्वच्छ दुपारीही प्रत्यक्षात अडीच किलोवॅटच्या आसपास देतात. त्यावर ३ किलोवॅटची केबल लावली तर अर्धा किलोवॅट बाहेरून येतो. ७.२ ची पेटी लावली तर पावणेपाच. दोन्हींत गाडी भरते, पण पहिलीत उन्हाने भरते. रोजच्या ४० किलोमीटरसाठी संथ केबलला सव्वादोन तास पुरतात. मोठ्या पेटीसाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, बऱ्याच घरांत थ्री-फेज जोडणीही, आणि त्याबरोबर स्थिर आकारही वाढतो. म्हणून ज्यांची धाव थोडी आहे त्यांनी तो पैसा वायरिंगवर घालावा.

बाजारात उन्हानुसार प्रवाह कमी-जास्त करणारे चार्जरही आहेत. त्यांची युक्ती सुरेख आहे. चार्जिंगच्या केबलमध्ये विजेच्या तारांशिवाय ‘कंट्रोल पायलट’ नावाची एक बारीक तार असते. तिच्यातून सेकंदाला हजार वेळा चालू-बंद होणारा संकेत जातो, आणि प्रत्येक वेळी तो किती काळ चालू राहतो त्यावरून गाडीला कळते की किती अँपिअर घ्यायची मुभा आहे. दहा टक्के काळ चालू, तर ६ अँपिअर. पन्नास टक्के, तर ३०. मीटरजवळ बसवलेला सेन्सर बाहेर जाणारी वीज पाहतो, चार्जर त्यानुसार संकेत बदलतो, ढग आला की गाडी आपसूक हात आखडता घेते. खालची मर्यादा ६ अँपिअरची, सिंगल फेजवर सुमारे १.४ किलोवॅट. ऊन त्याहून कमी झाले की चार्जिंग थांबते. नेट मीटर असताना या चार्जरने बिलात मोठी बचत होईलच असे नाही. ज्याला गच्चीवरचे ऊन गाडीतच घालायचे आहे, त्याच्यासाठी तो आहे.

वायरिंगबद्दल मात्र कुणीही काटकसर करू नये. गिझर अर्धा तास चालतो, गाडी सलग सहा तास. त्या सॉकेटला डीबीपासून स्वतंत्र लाईन हवी, १५ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतःचा एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एक्स्टेन्शन बोर्डवर मोटार लावणे म्हणजे आगीला बोलावणे. पहिल्या दिवशी तासाभराने प्लगला हात लावून पाहावे. चटका बसत असेल तर सॉकेट बदलावे. अर्थिंग धड नसेल तर बहुतेक चार्जर चार्जिंग सुरूच करत नाहीत, लाल दिवा लावून थांबतात. जुन्या इमारतींत गाडी घरी आल्यावर पहिली अडचण येते ती हीच, आणि दोष गाडीला दिला जातो. नवा अर्थिंगचा खड्डा घेण्याचे काम वायरमन एका दिवसात करतो.

लाईट गेली की पॅनेलही बंद पडतात, हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्याचे ओळखून क्षणात थांबतो, आणि त्याने थांबायलाच हवे. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरची वीज मारून टाकेल. लाईट नसतानाही सौर वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. नुसत्या गाडीसाठी तो खर्च करू नये, कारण गाडीत तिच्या कितीतरी पट मोठी बॅटरी आधीच असते. काही गाड्यांतून वीज बाहेरही घेता येते. तिच्यावर पंखा, फ्रिज थेट वायरीने चालवता येतात, घराच्या डीबीला मात्र ती जोडायची नाही.

हे सगळे स्वतःची गच्ची असलेल्यांचे झाले. पुण्या-मुंबईत बहुतेकांची गच्ची सोसायटीची असते, आणि तिथे पॅनेलच्या आधी सभा लागते. सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळी तरतूद आहे: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि गाड्यांचे चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये, ५०० किलोवॅटपर्यंत. वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांतील फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर गाडीच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र वीजजोडणी मागण्याचा हक्कही ग्राहकाला मिळाला आहे. सोसायटीत मोटारी दिवसभर उभ्या असतात त्या ज्येष्ठांच्या, घरून काम करणाऱ्यांच्या, आठवड्यातून दोनदाच बाहेर पडणाऱ्यांच्या. दुपारच्या उन्हाला सर्वांत जवळचे ग्राहक हेच. सभेपुढे प्रस्ताव न्यायचा तर आधी तीन गोष्टी हातात असाव्यात: डिसेंबरची सावली वगळून गच्चीवर किती चौरस फूट उरतात (किलोवॅटला सुमारे शंभर लागतात), सामायिक मीटरचे बारा महिन्यांचे युनिट, आणि दिवसा पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या गाड्यांची मोजणी. पार्किंग मोकळ्या आकाशाखाली असेल तर पॅनेलचेच छप्पर तिथे घालता येते. त्याचा सांगाडा महाग पडतो, पण वायर आखूड लागते आणि गाड्या सावलीत राहतात.